खालच्या पलंगावरचे चाचा

फोनचा रिसीव्हर कानाला लावण्याआधी चाचा तो शर्टाच्या बाहीनं दोनदा पुसत, घसा खाकरत आणि मग पलीकडच्या, आयुष्यात कधी न पाहिलेल्या बाईला सांगत, “आई, मी आहे इथं. काळजी करायची नाही.” बाई रत्नागिरीची असो नाहीतर केरळातली, वाक्य तेच. केरळातल्या आईला ते हिंदीतून सांगत. तिला हिंदी येत नसे, पण तिचं रडणं थांबे.

परमुलखात नोकरीला गेलेल्या प्रत्येकाला असा एक माणूस भेटतो. तुम्हालाही भेटला असेल. पुढं आपण त्याच्याशी कसे वागलो, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. मी सांगतो आहे, आणि सांगताना मान खाली जाते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी सांगलीहून दुबईला आलो, एका कंपनीत इंजिनिअर म्हणून. कंपनीचं गेस्टहाउस भरलेलं होतं, त्यामुळे माझी रवानगी रास अल खोरला, वर्कशॉपच्या मागच्या कामगारांच्या खोल्यांत झाली. दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे म्हणाले. त्या दोन-चार दिवसांचे तीन महिने झाले. खोलीत तीन दुमजली पलंग होते. मला वरचा मिळाला. माझ्या खालच्यावर चाचा. खेडकडचे, वीस वर्षं वेल्डर. सगळा चेहरा करपलेला आणि डोळ्यांभोवती तेवढी गॉगलची दोन फिकी वर्तुळं. त्यामुळे ते नेहमी नुकतंच काहीतरी नवल ऐकल्यासारखे दिसत.

मी इंजिनिअर आहे हे कळल्यापासून ते मला साहेब म्हणू लागले. मी नको म्हटलं, तर म्हणाले, “साहेब तुम्ही कागदावर. खोलीत काय, एक वरचा नि एक खालचा.”

नव्या माणसाला शहर दाखवणं हे काम त्यांना कोणी दिलेलं नव्हतं. पण आठवड्याची एकुलती एक सुट्टी ते त्यात घालवत. शुक्रवारची नमाज झाली की इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, आणि “यल्ला, साहेब, चला.” पहिल्या दिवशी टॅक्सीला बंदी. बसनं खाडीपर्यंत, मग पाय. उंच इमारती आणि सोन्याची दुकानं बघून माझी मान अवघडली होती, पण त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. कोणत्या गल्लीत चार वाजता सावली येते, कोणत्या मशिदीबाहेर गार पाण्याचा नळ आहे, कुठल्या हॉटेलात काही न घेता घटकाभर बसू देतात, हे ते दाखवत होते. “शहर म्हणजे सावली कुठं, पाणी कुठं नि फोन कुठं,” ते म्हणाले. “बाकी सगळी शोभा.”

खाडी ओलांडायला तिथं अब्रा नावाची लाकडी होडी असते. मधोमध एक लांब बाक, माणसं दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून बसतात. मी भाड्याच्या दिरहमचे मनात रुपये करू लागलो, तर चाचांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गुणाकार करणारा माणूस इथं पाणीसुद्धा पीत नाही, सुकून मरतो, असं त्यांचं मत होतं. पलीकडं उतरल्यावर ते मला थेट फोनच्या बूथवर घेऊन गेले. आमच्या घरी फोन नव्हता. शेजाऱ्यांनी आईला हाक मारून आणलं. ती आधी बोलेना, मग रडायला लागली, मग मीही लागलो. चाचांनी माझ्या हातातून रिसीव्हर घेतला, बाहीनं पुसला आणि आपलं वाक्य म्हणाले. वर एक जोडलं, “जेवल्याशिवाय झोपू देणार नाही त्याला.”

आणि खरोखरच दिलं नाही. पहिल्या पंधरवड्यात मी जेवण टाकून वर चढलो की ते खालून पलंगाच्या फळीवर टकटक करत. मी खाली उतरेपर्यंत टकटक चालू राही.

तीन महिन्यांनी मला फ्लॅट मिळाला. शारजात का होईना, पण स्वतःचा. मग गाडी आली, लग्न ठरलं. सासरे बँकेतले मोठे अधिकारी. त्यांनी बैठकीत सहज विचारलं, पहिल्यांदा गेलात तेव्हा राहायची सोय कशी होती? मी म्हणालो, हॉटेलात ठेवलं होतं कंपनीनं. आई शेजारीच बसली होती. तिनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

चाचांकडे जाणं आधी महिन्यावर, मग ईद-दिवाळीवर आलं. पुढं तेही राहिलं.

लग्नानंतर दोन वर्षांनी सासू-सासरे आणि आई असे तिघेही दुबई बघायला आले. शुक्रवारी मी सगळ्यांना अब्रात बसवलं. सासरे खूश होते. मलाही चेव आला आणि मी ऐटीत म्हणालो, “बाबा, शहर म्हणजे सावली कुठं, पाणी कुठं नि फोन कुठं. बाकी सगळी शोभा.” सासऱ्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. जावई नुसता इंजिनिअर नाही, विचारही करतो, असं काहीसं ते सासूबाईंना म्हणाले.

काठ आला. होडी हेलकावली तशी आई उतरता उतरता घाबरून थांबली. तेवढ्यात बाकाच्या पलीकडून एक हात पुढं आला.

“आई, सावकाश. मी आहे इथं.”

पांढरा शर्ट, खिशाला पेन. बरोबर दोन नवे कामगार. म्हणजे सगळा वेळ ते माझ्या पाठीला पाठ लावून बसले होते. माझं भाषणही त्यांनी ऐकलं होतं.

आईला त्यांनी हाताला धरून काठावर घेतलं. सासऱ्यांनी कौतुकानं विचारलं, “अरे वा, मराठी! तुमच्या ओळखीचे का, जावईबापू?”

चाचांच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं होतं. आता हे 'वरचा पलंग' म्हणणार, आणि माझं हॉटेल जागच्या जागी कोसळणार, एवढंच मला दिसत होतं.

“नाही,” मी म्हणालो. “इथं आपली माणसं बरीच असतात.”

ती दोन फिकी वर्तुळं माझ्याकडं क्षणभर वळली. मग चाचा सासऱ्यांना म्हणाले, “साहेब बरोबर सांगतायत. मी वर्कशॉपातला, मला कसे ओळखतील? तुम्ही आईंना सावलीसावलीनं न्या.” आणि नव्या माणसांना घेऊन निघून गेले. माझं खोटं त्यांनी माझ्यापेक्षा नीट निभावलं.

संध्याकाळी आई ओट्याशी कोथिंबीर निवडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, “आवाज तोच होता ना?”

मी हो म्हणालो. सासऱ्यांचं कारण पुढं केलं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

“तीन महिने त्या आवाजाच्या भरवशावर झोपले मी,” ती म्हणाली. “आज त्यांनी मला हात दिला आणि तू तोंड फिरवलंस.”

परत जायच्या आधी तिला चाचांना भेटायचं होतं. त्यांना आता शुक्रवारीही ड्युटी लागलीय, असं मी ठोकून दिलं. तिनं बेसनाचे लाडू करून पत्र्याच्या डब्यात भरले आणि डबा माझ्या हातात दिला. तो डबा पाच आठवडे माझ्या गाडीच्या डिकीत फिरला. दर शुक्रवारी मी निघायचो आणि तिथं पोचल्यावर काय बोलायचं, हे न सुचून वळून यायचो. उन्हानं तूप सुटून डब्याचं झाकण ओशट झालं.

सहाव्या शुक्रवारी गेलो. खालच्या पलंगावर एक बिहारी वेल्डर पडला होता. मी चाचांचं विचारलं. “चाचा? खलास. व्हिसा कॅन्सल करके मुलुक गये,” तो म्हणाला. डोळ्यांना दिसेनासं झालं होतं म्हणे. पत्ता ऑफिसात असेल, त्याला ठाऊक नव्हता. मी पलंगाच्या कडेला टेकलो आणि सहज वर पाहिलं. वरच्या पलंगाच्या फळीला खालच्या अंगानं पेन्सिलनं फोन नंबर लिहिलेले होते, पंचवीस-तीस तरी. एकेका आईचा एकेक. त्यात सांगलीच्या आमच्या शेजाऱ्यांचाही होता. जिथं ते टकटक करत, तिथंच.

ऑफिसातून मी पत्ता काढला नाही. काढता आला असता.

परवा आमच्याकडं साताऱ्याचा एक नवा इंजिनिअर आला. त्याला मी खाडीवर नेलं, एसी गाडीतून. त्यानं मोबाइलवरून घरी फोन लावला, दोन वाक्यं बोलला आणि त्याचा आवाज भरून आला. आईला तुमच्याशी बोलायचंय म्हणाला. मी फोन घेतला. पलीकडून ती माउली विचारत होती, “कोण आहे हो त्याच्याजवळ तिथं?”

वाक्य अगदी ओठावर आलं होतं. पण मी नुसतं, “नमस्कार, सगळं ठीक आहे,” म्हणालो आणि फोन त्याच्या हातात परत दिला.