अठ्ठावीस नंबरचा कागद

१७ नोव्हेंबर १९५८, सोमवार. दुपारचे तीन वाजले असतील. दादरच्या एका हॉलमध्ये मी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होते. फरशीवर माझीच ओकारी होती. साखरेचं दूध आणि त्यातलं जांभळं टॉनिक. समोर वकिलीणबाई उभी. पदर नाकाला लावलेला. पायाच्या अंगठ्यानं ती मला जागा दाखवत होती.

"तिकडं राहिलंय बघ. कोपऱ्यात. नीट पूस, आपलंच घर समजून."

माझ्या घरी फरशी नाही, कोबा आहे. पण त्या कोब्यावर कुणी आजारी माणूस ओकलं, तर पुसायचं फडकं आम्ही त्याच्याच हातात देत नाही.

भोवती चाळीसएक बायका रांगेत होत्या. सगळ्या गिरण्यांतल्या, सगळ्यांच्या हातात नंबरचं कार्ड. माझा नंबर अठ्ठावीस. वकिलीणबाईला नावं पाठ होत नसत. आमची तर नाहीच.

मी या हॉलमध्ये कशी आले ते आधी सांगते.

मी वाइंडिंग खात्यात, कांड्यांवर सूत भरायला. परळच्या गिरणीत सोळा वर्षं झाली. पोटात अल्सर होता, तीन वर्षं चुन्याची निवळी आणि सोडा पिऊन ढकलला. मग एक दिवस खात्यातच रक्ताची उलटी झाली. परळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. गणपतीच्या आधी ऑपरेशन झालं. पोटाचे तीन भाग धरले तर दोन कापून टाकले, एक ठेवला. महिन्याभरात अंगावरची चोळी सैल झाली. आठ वारांचं लुगडं आहे की बारा, असं वाटायला लागलं.

तिथला डॉक्टर तरुण होता, तुसडा नव्हता. त्यानं मला खाटेजवळ बसून समजावलं. "बाई, आता पोट लहान आहे. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं. एकदम गोड पातळ काही प्यायचं नाही. आणि उरलेल्या पोटाला रक्तासाठी लागणारं सगळं घेता येत नाही, म्हणून लोहाच्या गोळ्या रोज. महिन्याला एक इंजेक्शन. लाल रंगाचं असतं. हे जन्मभर. चुकवलंत तर रक्त कमी होईल, हातापायाला मुंग्या येतील, उभं राहवणार नाही."

"आणि टॉनिक?" मी विचारलं. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या उशाला मोठी बाटली होती, वर द्राक्षांचं चित्र.

"चित्रावर जाऊ नका. ते गोड पाणी. त्यापेक्षा कलेजी खा, सुकट खा."

जाताना त्यानं इंग्रजीत एक कागद लिहून दिला. "हा दाखवा," म्हणाला. कुणाला, तेही सांगितलं असेल. मी तेव्हा शुद्धीत कमी आणि घाईत जास्त होते. रजा मोजकीच होती. गिरणीच्या डॉक्टरनं रक्त तपासून 'फिट' म्हटल्याशिवाय साच्यावर, म्हणजे मशीनवर, घेणार नव्हते, आणि रजेचे दिवस संपले की माझ्या जागी दुसरी बाई उभी राहणार होती. घरी मी आणि सासू. मी उभी राहिले तरच चूल पेटणार. त्यामुळं माझ्यापुढं एकच गोष्ट होती: रक्त वाढलं पाहिजे.

दादरच्या एका औषधवाल्याकडं गेले. त्यानं माझ्याकडं पाहिलं, लुगड्याकडं पाहिलं आणि सगळ्यात महाग बाटली पुढं केली. "हे घ्या, एका महिन्यात टुणटुणीत." वर सफरचंदाचं चित्र. मी लोहाच्या गोळ्या मागितल्या. तो म्हणाला, "त्या साध्या आहेत हो." साध्याच हव्या होत्या. आठ दिवसांच्या घेतल्या. इंजेक्शनची किंमत ऐकून दुकानातून उतरले.

तेव्हा शेवंतानं हॉलची बातमी आणली. शेवंता लालबागची, मालवणकडची, माझ्याच खात्यातली. एका साच्यावर मी, शेजारच्यावर ती, अकरा वर्षं. म्हणाली, "थंय दर सोमवारी गोळये फुकट गावतत. दूध पण. चल गो."

गेलो. हॉल एका संस्थेचा, कारभार वकिलीणबाईच्या हातात. भिंतीवर कापडी फलक होता, 'मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे'. वकिलीणबाईचा नवरा सभांत बोलायचा. "माझ्या कामगार भगिनींनो" म्हणताना त्याचा आवाज कापरा व्हायचा. मोर्चाला आम्ही जात होतोच. वाइंडिंगच्या बायका पुढं असायच्या, लाठी पहिली त्यांच्याच पाठीत बसायची. सगळ्यांनी त्या बाईला वहिनी म्हणावं अशी पद्धत होती. मी तोंडानं वहिनी म्हणायचे.

पहिल्या दिवशी तिनं माझा कागद घेतला, चष्मा लावला, वरपासून खालपर्यंत वाचला, "हं, हं" केलं आणि पत्र्याच्या पेटीत टाकला.

"कागद इथंच राहील. नाहीतर तुम्ही लोक चार ठिकाणी जाऊन चारदा औषध घेता आणि विकता. आडनाव?"

सांगितलं. तिनं मान वर केली.

"म्हणजे त्या दोन वर्षांपूर्वी बौद्ध झालेल्यांतल्या का तुम्ही?"

"हो."

"धर्म बदललात. पोट तर तेच ना?"

"पोट पण बदललंय, वहिनी. दोन हिस्से कापून टाकलेत."

रांगेतल्या बायका हसल्या. ती हसली नाही. मग माझ्या अंगाकडं बघून म्हणाली, "बरी बारीक झालीस की. आम्ही डॉक्टरला पैसे देऊन उपाशी राहतो, तरी उतरत नाही." आणि स्वतःच हसली. तिच्या दंडावर बांगडी रुतलेली होती. भुकेची चेष्टा करायला पोट भरलेलं लागतं, हे मला त्या दिवशी समोर उभं राहून दिसलं.

हॉलचे नियम असे. आधी रांगेत कपभर साखरेचं दूध प्यायचं, त्यात दोन चमचे टॉनिक. तिच्यासमोर, एका दमात. घरी न्यायचं नाही, कारण टॉनिकला थोडा दारूचा वास होता आणि "तुमचे नवरे त्यावरच टपलेले असतात." माझा नवरा मरून सहा वर्षं झाली होती. पेला उलटा करून दाखवला की मग आठवड्याच्या गोळ्यांची पुडी. इंजेक्शन "येणार आहेत", असं प्रत्येक सोमवारी. आणि हॉलमध्ये यायच्या दिवशी मासे खायचे नाहीत. "हॉलमध्ये वास येतो."

टेबलावर पांढरे चिनीमातीचे कप मांडलेले असत. एका बाजूला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, एक पेला, वेगळा ओळखू यावा म्हणून दोरा बांधलेला. पहिल्याच सोमवारी तो माझ्या पुढं आला.

मी तो घेतला.

हे लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. बौद्ध होताना सभेत आम्ही हात वर करून ज्या बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या, त्या सगळ्या मला पाठ होत्या. तरी मी दोरा बांधलेला पेला हातात घेतला. दहा सोमवार घेतला. गोळ्यांची पुडी त्या पेल्याच्या पलीकडं होती, म्हणून.

दूध मला अर्धंसुद्धा चालत नसे. चार घोट घेतले की छाती धडधडायची, कपाळावर घाम. मी दोन घोट घ्यायचे आणि वहिनीची पाठ फिरली की पेला शेवंताकडं सरकवायचे. ती गटकन संपवायची आणि मी पेला उलटा करून दाखवायचे. त्याच पेल्यातून. शेवंताच्या घरी सोवळं आहे, देव्हारा आहे, तिची सासू अजून माझ्या हातचं पाणी घेत नाही. शेवंतानं एकदाही पेल्याचा दोरा बघितल्याचं दाखवलं नाही.

त्या सोमवारी वकिलीणबाई लवकर वळली.

"शेवंते! त्या पेल्यातलं पितेस?"

ती ओरडली ते दूध सांडल्याबद्दल नाही, वाया गेल्याबद्दल नाही. अर्धा पेला मी पीत नाही हे तिनं अडीच महिन्यांत कधी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते एवढंच, की शेवंता माझ्या पेल्यातून पिते.

शेवंता ओठ पुसत म्हणाली, "दुधाक खंयची जात असता ओ वहिनीनू?"

"तोंड सांभाळ. तुझं कार्ड रद्द करीन." मग माझ्याकडं. "आणि तू. दुसऱ्याला बाटवतेस आणि फुकटचं औषध घरी नेतेस. आज पूर्ण पेला. माझ्यासमोर. नाहीतर पुडी नाही."

तिनं स्वतः वरून ओतलं. काठोकाठ. टॉनिकचे दोनऐवजी तीन चमचे, शिक्षा म्हणून.

"वहिनी, डॉक्टरनं सांगितलंय, एकदम गोड..."

"डॉक्टरनं तुला सांगितलं आणि मला अक्कल नाही. पी."

मी प्याले. रजेचे बारा दिवस उरले होते. गोळ्या नसत्या तर तपासणीत रक्त कमी निघालं असतं. म्हणून प्याले.

दहा मिनिटं गेली असतील. आधी कान तापले. मग सगळं अंग घामानं भिजलं, छाती अशी उडायला लागली की बाहेरून दिसावी. डोळ्यापुढं भिंतीवरचा फलक हलला. मी टेबलाला धरलं, ते सुटलं, आणि मी फरशीवर ओकले.

"नाटकं," वकिलीणबाई म्हणाली. "घे फडकं. पूस."

शेवंता पुढं झाली. "मी पुसतंय."

"तू नाही. जिचं तिनं."

मी पुसलं. कोपऱ्यातलं पण. पुसता पुसता अंगातला घाम थंड होत गेला आणि डोकं स्वच्छ झालं. मला वाटलं होतं मी रडेन. रडू आलं नाही. आली ती किळस, आणि ती ओकारीची नव्हती. ही बाई. हिला माणसाच्या पोटातलं काही कळत नाही, कागदातलं कळत नाही, आणि हिच्यापुढं मी अडीच महिने पेला उलटा करून दाखवते आहे. लहान पोरीसारखा.

फडकं बादलीत टाकलं. हात धुतले. टेबलाशी गेले.

"माझा कागद द्या."

"कसला कागद?"

"इस्पितळाचा. अठ्ठावीस नंबर."

"कागद मिळायचा नाही. संस्थेचा नियम आहे. वर्षाच्या अहवालात नंबर भरायचे असतात."

मी पेटीचं झाकण उघडलं.

"हात लावू नकोस!"

"तुमच्या पेटीला नाही लावत. माझ्या कागदाला लावते."

कागद नंबरानं लावलेले होते, त्यामुळं वेळ लागला नाही. काढला, घडी केली, चोळीत घातला. गोळ्यांची पुडी टेबलावर होती. ती मी उचलली नाही. दोनदा वळून बघितली, खोटं कशाला सांगू. पण उचलली नाही.

दारात शेवंता म्हणाली, "माझा पण कार्ड गेला आता."

"जाऊ दे."

"जाऊंदे," ती म्हणाली. "दूध पातळच होता."

संध्याकाळी कागद घेऊन आमच्या नायगावच्या चाळीतल्या गुरुजींकडं गेले. गुरुजी म्युनिसिपल शाळेत शिकवतात. त्यांनीच मला रात्रशाळेत मराठी लिहावाचायला शिकवलं. इंग्रजीपर्यंत मी पोचले नाही. त्यांनी कागद दिव्याजवळ धरला, एकदा मनात वाचला, मग माझ्याकडं बघितलं.

"बाई, हा कागद कुणासाठी आहे माहीत आहे?"

"संस्थेसाठी."

"नाही. हा तुमच्या विम्याच्या डॉक्टरसाठी आहे. वरच लिहिलंय. पगारातून विम्याचे पैसे कापतात ना तुमचे? या बाईला रोज लोहाच्या गोळ्या आणि दरमहा इंजेक्शन विम्याच्या कार्डावर द्यावं, असं आहे. ऑगस्टची तारीख."

मी दिव्याची वात वर केली.

"आणि खाली एक ओळ आहे." त्यांनी बोट ठेवलं. "साखर घातलेलं दूध किंवा सरबत एका वेळी जास्त देऊ नये. चक्कर, घाम, उलटी होते."

वकिलीणबाई बी.ए. होती. चष्मा लावून वाचलं होतं तिनं. वरपासून खालपर्यंत. हं, हं.

गुरुजींनी विचारलं, "अडीच महिने तिथं कशाला गेलात?"

"फुकट मिळतं म्हणून."

ते हसले नाहीत, हे बरं केलं. चूक माझी होती. पत्र हातात असताना कुणाचं नाव आहे ते वाचून घेतलं नाही. आम्हाला मिळायचं ते दानच असणार, हे मनात इतकं मुरलेलं होतं की आपल्या पगारातून कापलेलं आपल्याला परत मिळू शकतं, असं डोक्यातच आलं नाही. ही सवय वकिलीणबाईनं लावलेली नव्हती. ती जुनी होती. तिनं फक्त त्या सवयीला दोरा बांधला होता.

आणि त्या पेटीत अजून चाळीस कागद होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पाळी बदलताना मी आणि शेवंता गिरणीच्या दारात उभ्या राहिलो. सोमवारच्या रांगेतली जी जी बाई दिसली तिला थांबवलं. जास्त बोलायला वेळ नव्हता. "तुझा कागद पेटीतून काढून घे. आधी वाचून घे, गुरुजी वाचून देतात. मग तिथं जायचं की नाही ते ठरव." शेवंता मागून ओरडत होती, "इचारूचा नाय, काढून घेवचा!" अकरा बायकांनी हो म्हटलं. दोघी म्हणाल्या, वहिनी रागावेल. त्यांच्याशी वाद घातला नाही.

नऊ वाजता मी विम्याच्या डॉक्टरच्या दवाखान्यात होते. कंपाउंडरनं काचेतून बघितलं आणि म्हणाला, "इंजेक्शन? ती दादरची संस्था आहे ना, तिथं फुकट देतात."

मी त्याला ओलांडून आत गेले. डॉक्टर पेपर वाचत होता. समोरच्या स्टुलावर बसले. कुणी बसायला सांगितलं नव्हतं. विम्याचं कार्ड टेबलावर ठेवलं, बाही वर केली आणि कागद उघडून त्याच्यापुढं धरला.

त्यानं घ्यायला हात पुढं केला.

"असाच वाचा," मी म्हटलं.

तो वाचत होता. शेवटच्या ओळीपर्यंत. त्याचं वाचून होईपर्यंत मी कागदाचा कोपरा सोडला नाही.