कळकाकूंचा एकच शब्द

कळकाकूंच्या पिठाच्या गिरणीत ओरडल्याशिवाय कुणाचं बोलणं ऐकू येत नसे. काकू मात्र ओरडत नसत. त्यांचा एकच शब्द दगडाच्या घरघरीतून आरपार यायचा. तो शब्द ‘कळ’. भिंतीवरच्या काळ्या खटक्याला सेलूतली आमची गल्ली बटन म्हणायची, काकू कळ म्हणायच्या. त्यांचं खरं नाव विजेच्या बिलावर असेल; गल्लीला ते ठाऊक नव्हतं.

रांगेत कुणी आपला डबा पुढे सरकवला, की त्या म्हणत, “कळ काढ जरा. तिचे गहू निघू दे, मग तुझी ज्वारी.” त्यावर वाद होत नसे. एकदा रांगेतली एक बाई दुसरीच्या कानाशी ओरडून कुणाच्या तरी नव्या सुनेबद्दल सांगत होती, की तिला भाकरी थापता येत नाही म्हणून घरात रोज कटकट असते. काकूंनी गिरणी थांबवली आणि शांतपणे म्हणाल्या, “इथं कळ लावायचं काम माझं हाय. तू लावू नको.” सगळ्या हसल्या. मीही हसले. ती सून मीच होते.

माझं माहेर पूर्णेजवळच्या खेड्यात. पुढे मला दिवस गेले, पण बाळंतपणाला तिकडे जायला अजून अवकाश होता. अशाच एका दिवशी नवरा ड्यूटीवर, सासूबाई शेतात. बाजाराचा दिवस म्हणून गिरणीत ही गर्दी. ज्वारीचा डबा घेऊन उभी होते, तर पोटात काहीतरी आवळलं. मी कुणाला बोलले नाही. काकूंनी मात्र लांबून माझं तोंड पाहिलं.

“कळ येऊन जायलीय का तशीच ऱ्हायलीय?”

“येऊन जातीय, काकू.”

“मग ही साधी पोटदुखी न्हाई,” म्हणत त्यांनी खटका पाडला. बाजाराच्या दिवशी, भरल्या रांगेत, गिरणी बंद.

रस्त्यावर रिक्षा दिसेना. कापसानं भरलेली एक पिकअप येत होती. काकू दोन्ही हात पसरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

“मावशी, जिनिंग मिलला जायलोय. माझा नंबर जाईल,” ड्रायव्हर म्हणाला.

“जाऊ दे. हिचा नंबर लागलाय.”

रांगेतल्या बायकांनीच मागची फळी पाडली, कापूस आत रेटून जागा केली आणि मला वर चढवलं. काकू शेजारी बसल्या. मी कापसात रुतत चालले होते, गाडी सुटली होती, आणि बाया मागून ओरडून ड्रायव्हरला खड्डे सांगत होत्या.

रेल्वे फाटक बंद होतं. समोरून मालगाडी निघाली, ती संपेचना. कळा आता एकीत एक मिसळू लागल्या.

“काकू, मला आता होत न्हाई.”

“होतंय. कळ काढ, पोरी. मालगाडी हाय, लांबडी असती, पण संपती.”

त्यांच्या पिठानं पांढऱ्या हातावर माझी नखं रुतली होती. तशा हालतीतही मला हसू फुटलं, आणि त्या हसण्यातच फाटक वर गेलं. ड्रायव्हरनं दवाखान्यापर्यंत हॉर्नवरचा हात काढला नाही.

मुलगी झाली. नर्सनं काकूंना विचारलं, “तुम्ही पेशंटच्या कोण?”

“गिरणीवाली. हिचं दळण ऱ्हायलंय,” असं सांगून त्या आत आल्या. बाळाकडे डोळे भरून पाहिलं, माझ्या केसांतला कापूस वेचून काढला आणि गिरणी चालू करायला निघून गेल्या. संध्याकाळी आमच्या घरी पिठाचा डबा पोहोचला होता, अजून कोमट.

गेल्या वर्षी काकूंचे गुडघे पार गेले. गिरणी विकून त्या गंगाखेडला लेकीकडे राहायला निघाल्या. एसटी स्टँडवर गल्लीतल्या आम्ही सगळ्या जमलो. काकू खिडकीत बसल्या, पदर सारखा केला आणि आम्हाला म्हणाल्या, “आता जा घरी. उन्हात कशाला उभ्या ऱ्हायल्यात?” आम्ही कुणी हललो नाही. बस वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा माझ्या लेकीनं माझं तोंड पाहिलं, हात ओढला आणि विचारलं, “आई, कुठं दुखायलंय?”

मला तिला जागा दाखवता आली नाही.