नाव घासलेली चिप आणि सुनंदाताई

सुनंदाताईंची आणि माझी पहिली भेट वादानेच झाली. नव्वदच्या दशकात इंदिरानगरमध्ये त्यांचे संगणक दुरुस्तीचे दुकान नवे होते. मी बंद पडलेला बोर्ड घेऊन गेलो आणि म्हणालो, "यातली चिप आता मिळत नाही म्हणे." ताईंनी भिंग माझ्या हातात दिले. "कोणती चिप, ते वाचलंत का? नाव न विचारताच मयत ठरवलीत होय?" पुढे मी त्यांच्याच दुकानात कामाला लागलो आणि शेजारच्या टेबलावर ठाण मांडले.

या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला ताईंच्या 'छंदा'विषयी लिहायला सांगितले. क्षमस्व. बनणे बंद झालेल्या चिपा ओळखणे हा ताईंचा छंद कधीच नव्हता. 'जुने झाले, फेका' म्हणणाऱ्या बाजाराशी त्यांचे ते उघड भांडण आहे, आणि त्यात मी ताईंच्या बाजूने आहे.

देवळाली कॅम्पातल्या सरोजवहिनी फौजी कुटुंबांसाठी स्वेटर विणत. पती गेल्यावर त्यांचे घर एका विणयंत्रावर चालत होते. त्या यंत्राला नक्षी सांगणारा जुना संगणक ऐन थंडीच्या तोंडावर बंद पडला. विक्रेत्याने सरळ नवे यंत्र घ्यायला सांगितले. वहिनी बोर्ड पिशवीत घालून आमच्याकडे आल्या. "ताई, हे नाय चाललं तर मला लोकांच्या घरी कामाला जावं लागंल."

बाकीच्या चिपा तपासून झाल्यावर संशय एकीवरच उरला. तिच्यावरचे नाव मात्र बनवणाऱ्यांनीच घासून काढले होते, बाहेरच्या कुणी दुरुस्ती करू नये म्हणून. ताई संतापल्या. "यंत्र वहिनींनी विकत घेतलंय. आत काय आहे ते लपवणारे हे कोण?"

बहुतेक चिपांना वीज कोपऱ्यातल्या पिनांवर मिळते. तसेच धरून चालल्याने आमची अख्खी संध्याकाळ पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी ताईंनी सगळी गृहीतके सोडून दिली आणि बोर्डावरची तांब्याची जाड रेष बोटाने धरून त्या निघाल्या. रेष थेट मधल्या पिनेपाशी थांबली. मधल्या पिनांवर वीज घेणाऱ्या चिपा मोजक्याच. त्यात टाक्यांचे इशारे हिच्याकडे येत आणि मोजून पुढे जात होते. म्हणजे ७४९३, साधी मोजणी करणारी चिप! एवढा चेहरा लपवून बसलेल्या या बयेची जुळी आमच्याच भंगारातल्या एका बोर्डावर सापडली.

ती बसवल्यावर यंत्र खडखडत सुरू झाले. वहिनी तिथेच रडल्या. ताईंनी मात्र पांढऱ्या रंगाने चिपेच्या पाठीवर तिचा आकडा ठळक लिहिला. "आता घासा म्हणावं!"

त्याच थंडीत वहिनींनी ताईंसाठी स्वेटर विणून आणला. छातीवर काळा चौकोन, त्याला दोन्हीकडे पाय आणि मध्ये ७४९३. दुकानात येणारे विचारत, "ही गोम कशाला काढलीय?"

आता ताईंना साठ वर्षे झाली, त्यांनी विश्रांती घ्यावी, असे काही हितचिंतक सुचवू लागले आहेत. त्यांनी हे ताईंच्या तोंडावर एकदा बोलून बघावे! आणि सत्काराला शाल आणणाऱ्यांनाही आधीच सांगून ठेवतो, ताई तो स्वेटर घालूनच येणार आहेत. ताईंना उदंड आयुष्य आणि उत्तम आरोग्य लाभो. स्वेटर विरला तर काळजी नाही. वहिनींचे यंत्र अजून चालू आहे.