प्लेट झाडायची राहिली

सॉफ्टबॉल हा खेळ रत्नागिरीत मी आणला, असं आमचे हेडमास्तर माझ्या निरोप समारंभात म्हणाले. ते काही खरं नाही. मी फक्त पुण्याच्या पंचांच्या शिबिराला गेलो होतो, तेही दुसरं कुणी जायला तयार नव्हतं म्हणून. दिवाळीच्या सुट्टीत घरदार सोडून दहा दिवस कोण जाणार? मला कुठेही पाठवलं तरी चालण्यासारखं होतं. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती ती. बायकोला जाऊन दोन महिने झाले होते. मी पी.टी.चे तास घेत होतो, शिटी वाजवत होतो, समोर येईल ते जेवत होतो. लोक भेटायला आले की त्यांचेच डोळे भरायचे आणि मी त्यांना पाणी आणून द्यायचो. मला काहीच होत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तसा मी सगळाच झालो होतो.

सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं धाकटं भावंड. चेंडू जरा मोठा, तो खालून टाकायचा, बाकी नियम बरेचसे तेच. बॅटनं चेंडू मारायचा, तीन बेसना पाय लावत धावायचं आणि निघालो त्याच जागी परत यायचं. त्या जागेला होम प्लेट म्हणतात. जमिनीत बसवलेला पांढरा पाचकोनी रबराचा तुकडा, हातभर रुंद. तिथे पोचलं की एक रन. प्लेटच्या मागे कॅचर बसते आणि कॅचरच्या मागे पंच.

शिबिरात शिकवायला एक निवृत्त फौजी होते. त्यांचं सगळं शिकवणं म्हणजे कुठे उभं राहायचं आणि कुठे बघायचं. कॅचरच्या पाठीशी सरळ उभं राहायचं नाही, तिच्या आणि बॅटरच्या मधल्या फटीतून बघायचं. हनुवटी कॅचरच्या डोक्याच्या उंचीला. मुखवटा डाव्या हातानं काढायचा, उजवा हात निर्णयासाठी मोकळा. धावणारी प्लेटकडे येत असेल तेव्हा आधी पाय थांबवायचे, मग बघायचं, मग बोलायचं. दिसलं नाही ते सांगायचं नाही. आणि धावणारीनं प्लेटला पाय लावला नाही, कॅचरनंही तिला चेंडू लावला नाही, तर पंचानं काहीच करायचं नाही. हात खाली, तोंड बंद, दोघींपैकी एक काहीतरी करेपर्यंत उभं राहायचं. हा नियम मला फार आवडला. काही न करता उभं राहण्यात मी तेव्हा चांगलाच तयार झालो होतो.

प्लेट झाडण्याचाही नियम होता. धुळीनं झाकली की हात वर करून खेळ थांबवायचा. मग मैदानाकडे पाठ करायची, वाकायचं आणि छोट्या ब्रशनं झाडायची. हा क्रम चुकलेला त्या फौजींना अजिबात खपत नसे. खेळ थांबवल्याशिवाय पाठ करायची नाही, असं ते सारखं बजावत.

शिबिरातून येताना मी नियमांची चोपडी आणली. सामान कुठून आणणार? मुखवटा मिरकरवाड्यात लाँचींची डागडुजी करणाऱ्या वेल्डरनं सळया वाकवून करून दिला. तो इतका जड होता की पहिल्या दिवशी मान धरली. छातीचं कवच गादीवाल्यानं काथ्या आणि कापूस भरून, वरून रेक्झिन लावून शिवलं. पायांना क्रिकेटचे पॅड. हे सगळं चढवून मी मैदानात उतरलो तेव्हा शाळेच्या नव्या संघातल्या मुली तोंडावर ओढण्या धरून हसल्या. संकासूर आला, असं त्यातली एक म्हणाली. शिमग्याच्या खेळ्यांतला तो काळा, तोंड झाकलेला संकासूर आमच्याकडे सगळ्यांनाच ठाऊक. मी मुखवट्याच्या आतून बघत राहिलो. खरं सांगायचं तर आत बरं वाटत होतं. तिथे कुणी सांत्वनाला येत नव्हतं.

ब्रश तेवढा मिळाला नाही. म्हणून आईच्या जुन्या केरसुणीचा एक तुकडा कापून, सुतळीनं घट्ट बांधून खिशात ठेवला.

सरावाच्या पहिल्याच आठवड्यात एक मुलगी पहिल्या बेसवर असताना मी खेळ थांबवला, वाकलो आणि प्लेट झाडायला लागलो. बाकावर बसलेल्या मुली एकदम ओरडल्या. सर, ती आत्ताच निघालीय, मागून झाडू नका. आमच्याकडे माणूस घराबाहेर पडलं की लगेच केर काढत नाहीत. मयत उचलल्यावर घर झाडतात, म्हणून. मुली अर्धं खरं अर्धं थट्टेत ओरडत होत्या, हसतही होत्या. मी सरळ उभा राहिलो आणि केरसुणी खिशात घातली. प्लेट अर्धी झाडायची राहिली.

मी का थांबलो, त्याचं कारण सांगायला हवं. भाद्रपदात बायकोला मिरजेला न्यायचं ठरलं. मूत्रपिंडाचा आजार होता. पहाटेची भाड्याची गाडी आली, तिच्याबरोबर तिचा भाऊ गेला. मी शाळेत रजेचा अर्ज देऊन संध्याकाळच्या एस.टी.नं मागून जाणार होतो. गाडीनं घरासमोरच्या खळ्यात तोंड फिरवताना आंब्याखालचा पाचोळा सगळा विस्कटला. मला रिकामा हात सहन होत नाही, हा माझा जुना रोग. गाडी रस्त्याच्या वळणाकडे निघाली आणि मी खराटा घेऊन झाडायला लागलो. ओटीवर उभी असलेली आई म्हणाली, "अरे, गाडी वळलीसुद्धा नाही रे अजून." मी हात थांबवला नाही. थोडासाच राहिला होता पाचोळा.

तिसऱ्या दिवशी बायको गेली. मी तिच्यापाशी होतो. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की फार उशीर झालाय. मी असल्या गोष्टी मानत नाही. मांजर आडवं गेल्यावर थांबणाऱ्या मुलांना मी वर्गात उभं करायचो. तरीही त्या दिवसापासून मी खराट्याला हात लावला नव्हता, आणि आईचं ते वाक्य कानातून गेलं नव्हतं. आई त्यानंतर त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. त्यामुळे तर ते वाक्य जास्तच पक्कं बसलं.

तर, कुणी बेसवर असताना प्लेट झाडायची नाही, ही आमची पद्धत पडली. चोपडीत ती नव्हती. बेस रिकामे झाले, की झाडायचं. दुसऱ्या शाळेतले पंचही तसंच करू लागले, आणि कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. सगळ्यांच्याच घरी आई होती.

डिसेंबरात जिल्ह्याची अंतिम मॅच झाली. जिंकणारा संघ विभागाच्या स्पर्धेला कोल्हापूरला जाणार होता. आमची शाळा आधीच हरली होती म्हणून मला मुख्य पंच केलं. मैदान जांभ्याचं. वर लाल मातीचा थर, आणि दुपारनंतर समुद्रावरून वारा. एका संघाची कॅप्टन राजापूरच्या बाजूच्या एका खेड्यातली होती, आजोळी राहून शिकत होती. दहावीत होती. तिचे वडील मुंबईला कामाला. परीक्षा झाली की तिला गावी नेऊन शेतीच्या कामाला लावायचं ठरलेलं आहे, असं तिच्या बाईंनी मला मॅचच्या आधी सांगितलं होतं. कोल्हापूरला गेली तर तिचा खेळ कुणाच्या तरी नजरेत येईल, मग बघू, असं बाईंच्या मनात होतं. पुढचं वर्ष तिला नव्हतंच.

मध्येच एकदा बॅटला चाटून चेंडू थेट माझ्या मुखवट्यावर बसला. सळई आत वाकली. जबडा बधिर झाला आणि कानात घू घू. मुलींनी विचारलं, सर, लागलं का? मी मान हलवली. मला फरकच कळला नव्हता.

शेवटच्या डावात कॅप्टनचा संघ एका रननं मागे होता. दोन मुली आऊट झालेल्या. मग एका फटक्यावर कॅप्टनच्या पुढे धावणारी मुलगी प्लेटवर घसरत आली आणि बरोबरी झाली. त्या घसरण्यानं प्लेटवर मातीचा हा थर चढला. एक कोपरा तेवढा पांढरा दिसत होता, आणि त्याच्यावर कॅचर उभी होती. त्याच फटक्यावर कॅप्टन तिसऱ्या बेसवर पोचली होती. ती आली की मॅच त्यांची.

कॅचरनं मागे वळून मला विचारलं, सर, झाडता? मी खिशात हात घातला. केरसुणीला बोटं लागली. तिसऱ्या बेसवर कॅप्टन गुडघ्यांवर हात टेकून वाकून उभी होती. परत यायच्या वाटेवर होती ती. मी म्हटलं, राहू दे.

पुढचा चेंडू बॅटरनं उजव्या बाजूला लांब मारला. कॅप्टन निघाली. मी मुखवटा डाव्या हातानं काढला, कॅचरच्या बाजूला तीन पावलं सरकलो, पाय थांबवले. डोळ्यांत तेल घालून बघत होतो. चेंडू आला, कॅचरनं घेतला, कॅप्टन तिला चुकवून बाहेरच्या अंगानं घसरली. कॅचरचा हात तिच्या खांद्यावरून हवेत गेला. चेंडू लागला नाही. आणि कॅप्टनचा पाय प्लेटच्या वीतभर बाजूनं, नुसत्या मातीवरून पुढे गेला.

मी हात खाली ठेवले आणि उभा राहिलो.

तिच्या संघाच्या मुली नाचत आल्या. कॅप्टन उठली, कपडे झटकले, माझ्याकडे बघितलं. मी काहीच करत नव्हतो. नाचणाऱ्या मुली थांबल्या. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मला वाटतं त्यातल्या कुणालाच तो नियम माहीत नव्हता. कॅचर माझा चेहरा बघून काहीतरी उमजली. ती चालत गेली आणि चेंडू कॅप्टनच्या दंडाला लावला. मी उजव्या हाताची मूठ वर केली. आऊट.

जादा डावात दुसऱ्या संघानं एक रन काढला आणि तो जिंकला. बक्षीस द्यायला आलेल्या पाहुण्यांनी माझं कौतुक केलं. एवढ्या गोंधळात दगडासारखे उभे राहिलात, असं पंचाचं काम असतं, असं म्हणाले. माझ्या हातात नारळ दिला. निर्णय बरोबरच होता. आजही कुणी चोपडी उघडून बघावं.

सामान आवरायला मी प्लेटपाशी आलो तेव्हा कॅप्टन तिथे उकिडवी बसली होती. तळहातानं माती बाजूला करून तिनं प्लेट उघडी केली होती. रडत नव्हती. मला बघून उठून उभी राहिली.

"सर, मला दिसलीच नाय ओ प्लेट," ती म्हणाली. "झाडली असती तर पोचले असते."

तक्रार म्हणून नव्हे, सांगायचं म्हणून सांगत होती. तिच्या बाईंनी हाक मारली तशी ती गेली. मी तिथेच बसलो. पॅड लावलेले पाय पसरून, नारळ बाजूला ठेवून. चार महिन्यांत पहिल्यांदा मला काहीतरी लागलं. आधी जबडा ठणकायला लागला, मग सगळंच. ती परत यावी म्हणून मी झाडलं नव्हतं, आणि नेमकं त्यानंच ती यायची राहिली. तिचं कोल्हापूर मी घालवलं होतं. मला तिची माफी मागायची होती, पण त्यांचा टेंपो निघून गेला होता.

घरी गेलो तेव्हा आई ओटीवर तांदूळ निवडत होती. जबडा सुजलेला बघून ती हळद उगाळायला उठली. मी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. केरसुणीचा तुकडा, तिसऱ्या बेसवरची मुलगी, सगळं. आणि भाद्रपदातली पहाटही. गाडी वळायच्या आत मी झाडलं, तू मला अडवलंस, मी ऐकलं नाही, तेव्हापासून मला झाडता येत नाही, असं म्हणालो.

आईनं तांदळाचं सूप बाजूला सारलं.

"मी झाडण्यावरून नव्हत्ये रे बोलल्ये," ती म्हणाली. "आजार तो आजार, खराट्यानं काय होतंय? गाडी वळेस्तोवर ती मागच्या काचेतून बघत होती. तुझ्याकडे. तू वाकून पाचोळा लोटत होतास."