पट्टा की पदर

आमच्या वहिनींचा, म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाईंचा, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत काथ्याचा कारखाना आहे. म्हणायला कारखाना; खरं तर एक लांबडी शेड, परदेशातून आणलेलं एक यंत्र आणि गावोगावच्या बायका. नारळाच्या सोडणांतून निघालेला काथ्या पिंजून फिरत्या पट्ट्यावर हाताने पसरायचा. पट्टा तो सुयांखाली नेतो आणि पलीकडून काथ्याचं जाड, घट्ट कापड बाहेर पडतं. ते गादीवाले आणि नर्सरीवाले नेतात. दीर बोटीवर नोकरीला असतात. कारखान्याची कागदपत्रं माझ्याकडे, कारण इंग्रजी पत्र वाचून भांडायची हौस घरात मलाच आहे.

त्या पट्ट्याला बायका 'पदर' म्हणत. लांज्याकडच्या एक मावशी होत्या, सगळ्यांत वयाने मोठ्या, हे नाव त्यांनी ठेवलेलं. काथ्या पोटाशी घेतो आणि पुढे नेऊन देतो, म्हणून पदर. "आज पदर सरकतोय", "पदर झाडा गो", असं दिवसभर चालायचं. पुढे यंत्राचं पुस्तक चाळताना मला दिसलं की तिकडचे कारागीरही त्याला 'एप्रन'च म्हणतात. कुणी कुणाला न विचारता दोन्हीकडच्या लोकांना एकच नाव सुचलं, याचं मला फार कौतुक वाटलं. ते कौतुक पुढे महागात पडलं.

पावसाळा संपता संपता पदर फाटला. कोल्हापूरहून जोडून आणलेला पट्टा सारखा एका बाजूला पळायचा. शेवटी यंत्र बनवणाऱ्यांकडूनच नवा मागवला; मागणीपत्रात मी हौसेने नुसतं 'एप्रन' असंच लिहिलं. तो बंदरात उतरला आणि तिथेच अडकला.

हल्ली कस्टमचा अधिकारी आपल्यासमोर बसत नाही. माल एका बंदरात आणि त्याचे कागद तपासणारा भलत्याच शहरात. जे काय सांगायचं ते संगणकावर लिहून सांगायचं. विकणाऱ्याने बिलावर माझाच शब्द उचलून 'कापडी एप्रन, प्लास्टिकचा लेप दिलेला' एवढंच लिहिलं होतं. अधिकाऱ्याने विचारलं, हे अंगात घालायचं वस्त्र आहे का, आणि असल्यास कोणत्या मापाचं? राक्षसिणीच्या मापाचं असं लिहू का, म्हणून मी वहिनींना विचारलं. एरवी त्या माझ्याआधी हसल्या असत्या.

त्यांचा जीव बायकांत अडकला होता. यंत्र बंद पडल्यावर त्यांनी बायकांना खोट्या आशेवर ठेवलं नाही. लांज्याला काजूच्या कारखान्यात काम आहे, जा, असं स्वतःच सांगितलं. बायका गेल्या. काथ्या एकसारखा पसरायचं वळण त्यांच्या हातांना होतं. त्या तिकडे रुळल्या, तर नवा पट्टा येऊनही काय उपयोग, याचा वहिनींना घोर लागला होता.

मी फोटो पाठवले, आधीच्या पट्ट्यावरून, तो फाटण्यापूर्वी, काथ्या सरकतानाचा जुना व्हिडिओ पाठवला आणि हा कापड बनवायच्या यंत्राचा भाग आहे, असं ठासून लिहिलं. वस्त्र नाही हे अधिकाऱ्याला लगेच पटलं. पण उत्तरात त्याने नियम दाखवला. वाहून नेणारा कापडी पट्टा कितीही खास एका यंत्रासाठी केलेला असो, तो यंत्रात धरत नाहीत. तो कापडाच्याच मालात मोजतात, आणि त्यावर शुल्क जास्त. भाषा सभ्य होती, त्यामुळे मला भांडताही येईना.

वहिनींना मात्र ते लागलं. "ह्याच यंत्राच्या मापाने केलाय. दुसरीकडे कुठे बसायचा नाही. मग यंत्राचा नाही तर कोणाचा?"

मी म्हटलं, कायदा पट्ट्याचं सासर बघत नाही, माहेर बघतो.

"मग तो कायदा कुणा बाईने केला असेल," त्या म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी किंचित हसल्या.

बंदरातलं आमचं काम बघणाऱ्या दलालाने दोन वाटा सांगितल्या. आपलं म्हणणं धरून ठेवायचं, मग तुकडा तपासणीला जाणार, सुनावणी होणार आणि पट्टा तोवर गोदामात पडून राहणार. नाहीतर अधिकारी म्हणतो ते मान्य करायचं, जास्तीचं शुल्क भरायचं आणि पट्टा सोडवायचा. दिरांनी बोटीवरून फोन करून बजावलं की आपण बरोबर आहोत, माघार घ्यायची नाही. माझंही तेच मत. कुणी चूक ठरवलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

वहिनी मधल्या काळात लांज्याला जाऊन मावशींना भेटून आल्या होत्या. काजूच्या टरफलातल्या तेलाने मावशींची बोटं काळी पडली होती, कातडी सुटत होती. मी तावातावाने उत्तर लिहीत बसले होते, तेव्हा वहिनी माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या.

"खोडून टाक," त्या म्हणाल्या. "आपण बरोबर ठरेपर्यंत माझ्या बायका कायमच्या जातील. पदरी पडलं पवित्र झालं. ते म्हणतात तसं लिही."

मी लिहिलं. मला रडू येत होतं ते रागाने, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

पट्टा टेंपोतून आला. फिटरने तो चढवला, ताण बघितला. वहिनींनी कुणालाच निरोप धाडला नव्हता. लागल्या कामावरून कोणत्या तोंडाने बोलवू, म्हणत होत्या. पण टेंपो वसाहतीत शिरताना कुणीतरी पाहिलेला असतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी बायका उभ्या होत्या, पुढे मावशी. आत यायला कुणी धजेना. वहिनींनी हाक मारली तेव्हा मावशी आल्या आणि काळवंडलेला तळवा त्यांनी नव्या पट्ट्यावरून हलकेच फिरवला.

"वैनी, आमी सोडून गेल्याव," त्या खाली बघत म्हणाल्या. "तरी ह्या पदरात आमाला घेताव ना?"

 वहिनींनी मावशींचा तो हात धरून पट्ट्यावर तसाच दाबून ठेवला.

"सरकारने त्याला पट्टा ठरवलंय, मावशी. पदर म्हणायला तुम्हीच हव्यात."