कोरडी वाटी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोलासुद्धा सांगितली नाही, आणि आता ती राहिली नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही हिरामणला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असता तर माझी जीभ रेटली नसती.

दुसऱ्या महायुद्धाची लढाई नुकतीच संपली होती. आमच्या गावचे मोठे बागायतदार नाना, त्यांनी एक लहानसा ट्रॅक्टर आणला. धुळ्याच्या स्टेशनावर उतरवून घेतला, तेव्हा वाटेवरची गावंच्या गावं बघायला उभी होती. मी नानांच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन बरीच वर्षं चालवत होतो. गावात यंत्राला हात लावणारा कोण, तर मी. ट्रॅक्टरवर मीच बसणार हे मी धरूनच चाललो होतो. एक खाकी टोपीही आणून ठेवली होती — हसा, हसण्यासारखंच आहे.

हिरामण माझ्या हाताखाली काम करायचा. मला भाऊ म्हणायचा. ट्रॅक्टरबरोबर आलेल्या मेकॅनिकने आम्हा दोघांना हँडल मारून बघायला सांगितलं. मी चोक ओढून, म्हणजे हवा बंद करून, एवढी हँडलं मारली की कार्बोरेटर पेट्रोलने तुंबला. हिरामणने चोक आत ढकलला, जरा थांबला, एक हँडल मारलं — इंजिन चालू. लोक हसले. नानाही हसले. आणि गाडी त्याच्याकडे गेली.

तुमच्या हाताखालचा माणूस कधी तुमच्या डोक्यावरून गेलाय? लोक त्याला ‘डायवर’ म्हणायला लागले. मी मात्र विहिरीवरचाच राहिलो. एकदा जेवताना माझी बायको म्हणाली, ‘हिरामणभाऊजी काय ऐटीत बसतात हो!’ तिच्या मनात काही नव्हतं. पण माझा घास तोंडातच फिरत राहिला. त्याच्या फाळाची सरळ रेघ मला बघवत नव्हती. आपलं ठेवायचं झाकून नि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, तसा मी त्याची चूक शोधत बांधावर उभा राहायचो. ती सापडत नव्हती.

आता त्या वाटीचं सांगतो. इंजिन हवा ओढतं ती एका डब्यातून. डब्याच्या तळाशी लोखंडी वाटी, तिच्यात तेल. धूळ तेलात बसते आणि स्वच्छ हवा पुढे कार्बोरेटरला जाते. वाटी कोरडी राहिली तर आमच्या काळ्या रानाची धूळ सरळ इंजिनच्या पोटात. मेकॅनिकने सांगितलं होतं, वाटी रोज उघडून बघा. हिरामण ती आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी उघडायचा. एवढीच त्याची ढिलाई.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी फाळ, विळे, कुऱ्हाडी, सगळं घासूनपुसून पूजेला मांडतात. ट्रॅक्टरची ती पहिलीच खंडेनवमी. नानांच्या घरच्या अक्कांनी वाटी मागून घेतली. देवापुढे काळं तेल कसं ठेवायचं? त्यांनी ती राखेने घासली, लखलखीत केली, आत कुंकवाचं बोट लावलं. पूजा झाल्यावर वाटी परत बसवायला माझ्या हातात दिली.

मी ती तशीच बसवली.

विसरलो — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलो. माणूस विसरतो की नाही?

दसरा झाला आणि रब्बीची नांगरट सुरू झाली. ट्रॅक्टरमागे धुळीचा लोट उठायचा, हिरामण त्यात दिसेनासा व्हायचा. दोन-तीन दिवसांत इंजिन धूर टाकायला लागलं, मग ओढेना. हिरामणला वाटलं, कार्बोरेटरमध्ये कचरा अडकला. त्याने तो खोलला, पुसला, जोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा खोलला. इंजिन पेट्रोलवर सुरू व्हायचं नि पुढे रॉकेलवर चालायचं; ते रॉकेलही गाळून भरलं. आणि मी काय करत होतो? त्याच्या शेजारी पाना धरून उभा होतो. चुकीच्या जागी शोधतोय हे मला दिसत होतं. खरं सांगतो — मला बरं वाटत होतं.

बाजाराच्या दिवशी त्याने वाटी उघडली. आत बोटभर धूळ, आणि धुळीखाली अक्कांचं कुंकू.

नानांनी सगळ्यांदेखत विचारलं. हिरामण म्हणाला, ‘चूक मनी शे, नाना. बठ्ठी मनी.’ सगळी चूक त्याने आपल्या अंगावर घेतली. त्याच दिवशी त्याला गाडीवरून उतरवलं. पुढे तो धुळ्याला एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी उचलायला लागला. इंजिन दुरुस्त होऊन आलं, आणि खाकी टोपी घालून मी बसलो.

पण मी विसरलो नव्हतो. इथवर आलोय तर तेही सांगतो. वाटी बसवताना हिरामण पलीकडे होता, कार्बोरेटरचा जेट, ती बारीक भोकाची तोटी, तोंडाने फुंकत. वर न बघताच त्याने विचारलं, ‘भाऊ, वाटीमा तेल टाकं ना?’ तेलाचा डबा माझ्या पायाशी तसाच, न उघडलेला होता. मी म्हणालो, ‘हां.’

त्याने त्या ‘हां’वर विश्वास ठेवला. भाऊने भरलेली वाटी कोरडी कशी निघाली? त्याने आपल्या मनाशी जुळवलं — दसऱ्याच्या पूजेला अक्कांनीच ती पुन्हा काढून घासली असणार. गाव सोडताना मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘अक्कानं नाव काढू नको, भाऊ. त्यास्ले काय माहीत?’ मी मान हलवली. अक्कांचं नाव येऊ न देता तो त्यांना वाचवत होता. आणि मला?

त्यानंतर दर खंडेनवमीला तो धुळ्याहून यायचा. घरी जायच्या आधी नानांच्या खळ्यात यायचा. गाठींनी खांदा वाकलेला, पण ट्रॅक्टरवरून एकदा हात फिरवायचा. मग अक्कांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणायचा, ‘वाटी देखी ले, भाऊ. तेल टाकं ना?’

मी म्हणायचो, ‘हां.’

तो वारला तोपर्यंत, दर वर्षी, तेवढंच म्हणत राहिलो.