मामांनी न बघितलेला किडा

ज्या खिशाला लोक पेन लावतात, त्या खिशात मामांचा दात घासायचा ब्रश असायचा. केस झिजून आखूड झालेले, दांडा पिवळा पडलेला. नवख्या माणसाला वाटायचं, हे पावणं कुठेतरी मुक्कामाला निघालेत. पण तो ब्रश दातांसाठी नव्हता, कोंबड्यांच्या पायांसाठी होता. कसबा बावड्यातली आमची अख्खी गल्ली त्यांना ब्रशमामा म्हणायची. समोर सगळे नुसते मामा म्हणत, माझी आईसुद्धा आणि मीसुद्धा. नात्याने ते कुणाचेच मामा नव्हते.

त्यांच्याविषयी लिहायचं तर आधी एक कबूल करायला हवं. मी त्यांच्यावर जळायचे.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. ती नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. वडील साखर कारखान्यात हंगामी कामाला होते, आई लोकांच्या उसात भांगलायला, तण काढायला, जायची. प्राणिशास्त्राची जाड पुस्तकं मी आणली की आई ती पदराने पुसून फळीवर ठेवायची. पण कोंबडी लंगडली की तिची नजर त्या फळीकडे जायची नाही. "जा, मामास्नी बोलीव," एवढंच. मी एकदा म्हणाले, "आई, मी हेच शिकते की कॉलेजात." ती म्हणाली, "व्हय गं बाई. शिक तू. पर मामास्नी बोलीव आधी."

कोंबडीच्या पायावरचे खवले उचलून येतात, खाली चुन्यासारखी पांढरी खपली धरते, पाय जाड होत जातात आणि शेवटी तिला चालवत नाही. हे ज्यांच्या परसात कोंबड्या होत्या त्यांना नव्याने सांगायला नको. मामा यायचे, उंबऱ्याशी बसायचे, कोंबडी मांडीवर घेऊन तिचं डोकं काखेत झाकायचे. मग तिचे पाय कोमट पाण्यात सोडून निवांत बसायचे. घाई नाही. "झालं बाई, झालं," असं तिच्याशी बोलत राहायचे. खपली भिजली की साबण लावून ब्रश वरून खाली, खवल्यांच्या वळणाने फिरवायचे. फडक्याने पाय कोरडे करून करंजाचं तेल चोपडायचे. तोवर आई दुधाचा चहा करायची. घरात एरवी सगळे कोराच चहा प्यायचो. मी परीक्षेसाठी पहाटे उठायचे तेव्हाही कोराच.

चहा झाला की मामा उठायचे आणि म्हणायचे, "आता दांडी दावा." खुराड्यात कोंबड्या ज्या दांडीवर बसतात ती दांडी. तिच्यावर उकळतं पाणी ओतायला लावायचे, फटीफटीत तेल घालायला लावायचे, खालचं जुनं गवत जाळायला लावायचे. कुणी कंटाळा केला की म्हणायचे, "पाय धुतलं आन दांडी तशीच ठिवली, म्हंजी आंघोळ करून परत त्योच मळका सदरा घातल्यागत हाय."

ज्यांच्या कोंबड्यांचे पाय बिघडलेत त्यांच्याकडे ते पुढचे तीन-चार आठवडे न बोलावता जायचे. आणि दर अमावास्येला सकाळी, खुराडी उघडायच्या आधी, सगळी गल्ली पालथी घालायचे. घरोघरी एकेक कोंबडी उचलून पाय बघायचे. मला हे अमावास्येचं खटकायचं. मनातून बरंही वाटायचं, की चला, अडाणीपणा सापडला. एकदा मी भीत भीत, पण जरा ठसक्यात विचारलं, "मामा, किड्याला अमावास्या कळते का?"

"त्येला कशाला कळती?" मामा म्हणाले. "माणसाला कळती की. आमुशाला औत जुपत न्हाईत, भांगलायला जात न्हाईत. समदी घरात घावत्यात. एका घरच्या कोंबड्या बऱ्या करून काय उपेग, शेजारची येऊन बसली की झालं परत. कोंबडीला गल्ली कळत न्हाय."

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही.

कोंबडीला गल्ली कळत नाही म्हणून मामा वरच्या गल्लीतही जायचे. वरच्या गल्लीत आम्हाला कामाशिवाय कुणी बोलवत नसे. मामांना मात्र थेट परसापर्यंत बोलवत. माझी एक वर्गमैत्रीण त्या गल्लीत राहायची. मी वही मागायला गेले की दारात उभी राहायचे, आणि आतून मामांचा आवाज यायचा, "वैनी, दांडी दावा." मी बी.एस्सी. करत होते. त्यांनी चौथीतून शाळा सोडलेली. हे मला फार लागायचं.

आमच्याकडे कवडी नावाची एक ठिपक्यांची कोंबडी होती. तिचे पाय बिघडले तेव्हा मामा लेकीकडे गगनबावड्याला गेले होते. मला वाटलं, हीच वेळ आहे. आई कामावर होती. मी कॉलेजातल्या विच्छेदनाच्या पेटीतला चिमटा काढला, कवडीला पोत्यात गुंडाळलं आणि तिच्या पायावरच्या खपल्या कोरड्याच ओढून काढल्या. रक्त आलं. घाबरून मी त्यावर रॉकेल ओतलं. ती कशी ओरडली, ते लिहवत नाही. आई आली तेव्हा कवडी बांबूच्या डालग्यात एका कुशीवर पडली होती आणि पाय लालभडक झाले होते. दुसऱ्या दिवशी मामा आल्याचं कळताच आई कवडीला पदरात घेऊन तिकडे गेली. मी मागे मागे.

मामांनी पाय बघितले. आईने माझ्याकडे बोट केलं. "हिनं केलंय. शिकल्याली."

"करू दे की," मामा म्हणाले. "हात लावल्याबिगर कसं येतंय?" मग माझ्याकडे बघून म्हणाले, "खपली आपन वडायची नसती गं. भिजवायची आन वाट बघायची. तिच्या टायमानं पडती ती." आणि लगेच, "काढलेली खपली टाकलीस व्हय? त्यात किडा असतोय म्हंत्यात."

मी टाकली नव्हती. कागदाच्या पुडीत ठेवली होती. कवडी महिनाभराने मामांच्या हातून बरी झाली, पण त्याआधीच मी ती पुडी कॉलेजात नेली. सरांनी खपलीचा चुरा औषधाच्या थेंबात विरघळवून काचपट्टीवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली लावला. मला तो दिसला. गोल, हरभऱ्याच्या डाळीसारखा, पाय इतके आखूड की असून नसल्यासारखे. सर खूश झाले. ती काचपट्टी त्यांनी जपून ठेवली आणि म्हणाले, "घरच्यांना दाखवायचं असेल तर आण एखाद्या शनिवारी."

मी घरी पळत आले आणि आईला सगळं सांगितलं. डाळीसारखा, असून नसल्यासारखे पाय, सगळं. आईने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मामास्नी सांग जा."

मामांना सांगितलं तर ते हातातलं काम टाकून उभे राहिले. पोरासारखा चेहरा झाला त्यांचा. "दिसला? खरंच किडा हाय? मला दाव की गं एकदा. तीस वर्सं मारतोय त्येला, तोंड बघितलं न्हाय."

मी म्हणाले, "बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, मामा."

असं मी का म्हणाले, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मला एक गोष्ट हवी होती जी फक्त माझ्याकडे असेल. मामांना जराही शंका आली नाही. "बरोबर हाय," ते म्हणाले. "कॉलेज हाय त्ये." आणि नंतर कितीतरी दिवस आमच्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, "आपल्या पोरीनं बघितलाय किडा. डोळ्यानं!" लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. ते कौतुकही मामांनीच मिळवून दिलेलं, म्हणून मला ते गोड लागलं नाही.

वर्षं गेली. मी पास झाले आणि त्याच कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला लागले. बावड्याच्या उसात घरं उभी राहिली, परसं गेली, कोंबड्या कमी झाल्या. मामांचा ब्रश खिशात होता, पण आता ते पाय डोळ्यांजवळ नेऊन बघायचे, मग बोटांनी चाचपून. दोन्ही डोळे अधू झाले होते. एक दिवस आई म्हणाली, "मामा निघाल्यात लेकीकडं. कायमचं." तो शुक्रवार होता.

शनिवारी मी त्यांना घेऊन सिटी बसने कॉलेजात गेले. त्यांनी धुतलेला सदरा घातला होता. प्रयोगशाळेच्या दाराशी चपला काढल्या, नको म्हणत असताना नळावर पाय धुतले, मग आत आले. ती जुनी काचपट्टी मी लावून ठेवली होती. ते टेबलावर कोपर टेकून वाकले.

"कंचा डोळा लावू?"

"कुठलाही, मामा."

एक डोळा त्यांनी हाताने झाकला. बराच वेळ तसेच राहिले.

"दिसला," मामा म्हणाले. "दिसला की! गोल हाय. हरबऱ्याच्या डाळीगत. पाय बारकं, असून नसल्यागत."

ते बाजूला झाल्यावर मी वाकून बघितलं. आत सगळा काळोख होता. त्यांच्या कोपराने खालचा आरसा फिरला होता. मी आरसा सरळ केला, किडा जागेवर आला. "मामा, आणि एकदा बघा."

"बघितला की," ते म्हणाले. "किती डाव बघायचा एक किडा?" आणि भिंतीकडच्या बरण्या, टेबलं, माझं स्टूल यांवरून हात फिरवत विचारलं, "तू रोज हितं बसतीस व्हय?"

परतताना बसमध्ये मी सांगून टाकलं. "मामा, त्या वेळीसुद्धा सोडत होते. मीच खोटं बोलले." मामा म्हणाले, "थंडीत करंजाचं त्याल घट्ट हुतंय. उन्हात ठिवत जा घटकाभर. आन दांडी इसरू नको." पुढच्या बाकावरच्या माणसाला त्यांनी हात लावला. "पावणं, आज किडा बघून आलो. आमच्या पोरीनं दावला."

जाताना ते आईला म्हणाले, "आता हिला बोलवायचं. माझं काय काम न्हाय." ब्रश मात्र खिशात घालून घेऊन गेले. तिकडेही कोंबड्या असतीलच. दोन पावसाळ्यांनी ते वारल्याचं कळलं.

ती बातमी आल्यानंतरच्या पहिल्या अमावास्येला आईने सकाळी कोंबडी आणून माझ्या मांडीवर ठेवली. कुणाला बोलव म्हणाली नाही. इतकी वर्षं मी याच क्षणाची वाट बघत होते. मी कोंबडीचं डोकं काखेत घेतलं, पाय कोमट पाण्यात सोडले, घाई केली नाही. "झालं बाई, झालं," असं माझ्याही तोंडून आलं. आई चुलीजवळून बघत होती. दुधाचा चहा उकळत होता.

"हात जरा हलका धर," ती म्हणाली. "मामांचा हात हलका हुता."